तोंडी लावायला पुस्तक

आमच्या घरात जेवताना कोणी बोलत नाही. म्हणजे भांडण नाही, अबोला नाही, कसली शिस्तही नाही. आम्ही वाचतो. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात घास. पान उलटायचं ते अंगठ्याने, आणि अंगठा बरबटलेला असला तर कोपराने. मी तर नाकानेही उलटलेलं आहे. कुणाला जेवणात वरून मीठ लागतं, कुणाला मिरची, आम्हाला पुस्तक लागतं. तोंडी लावायला चार ओळी नसल्या तर घास घशाखाली उतरत नाही. ही सवय बाबांनी लावली, आम्ही लहान असताना. का लावली हे मी कधी विचारलं नाही. श्वास का घ्यायचा, असं कोणी विचारतं का?

पुढे मी वाचनालयात चिकटले आणि माझा मोठा भाऊ बस चालवायला लागला. तो राहतो बाबांच्याच घरात आणि जेवतो बाबांच्याच टेबलावर. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पुढच्या खोलीत वहिनीचं शिवणयंत्र आहे. लोकांच्या पँटी आत घेणं, बाहेर सोडणं, चेन बदलणं, कॉलर उलटवणं असली कामं ती करते आणि फार सुबक करते. मी एकटी राहते, पण रविवारचं जेवण दादाकडे. टेबलाच्या या बाजूला मी आणि दादा, दोघांची तोंडं पुस्तकात. समोर वहिनी. ती जेवताना वाचत नाही. आमच्याकडे बघत जेवते बिचारी.

तर एके दिवशी दुपारी दादा गणवेशातच वाचनालयात आला. एरवी आला की आधी नव्या पुस्तकांच्या फळीकडे जातो. त्या दिवशी सरळ माझ्या टेबलासमोर येऊन बसला, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काय रे, बस कुठे ठोकलीस की काय?"

"तोंडाला कुलूप लाव," तो म्हणाला. मग हळूच, "डॉक्टरबाईंनी नापास केलं."

बस डेपोत दरवर्षी ड्रायव्हर लोकांची तपासणी होते. दादाची साखर वर, रक्तदाब वर, रक्तात चरबी, आणि पोट तर स्टिअरिंगला टेकलेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन महिने देते. मांस, तळलेलं, लोणी, सगळं कमी करा. भाज्या खा, डाळी खा, कडधान्यं खा. तीन महिन्यांत फरक दिसला तर ठीक, नाहीतर गाडी बंद. तुम्हाला चौकशीच्या खिडकीत बसवतील.

"चौकशीची खिडकी, शहाणे," दादा म्हणाला. मी सात वर्षांची असल्यापासून तो मला शहाणेच म्हणतो, आणि ते काही कौतुकाने नव्हे. "दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या सुटताना बघत बसायचं. मला स्टिअरिंगवरून उतरवलं ना, तर मी मरेन गं."

हे तो उगीच बोलत नव्हता. टेकडीपलीकडच्या गावाची बस तो चालवतो. वळणं अशी घेतो की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायकांचं विणकाम चालूच राहतं. त्याला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोच आहे. त्याचा उतरलेला चेहरा मला बघवेना. पण आमच्याकडे प्रेम करायची पद्धत म्हणजे आवाज चढवणं.

"रडतोस काय? मी काय इथे माशा मारायला बसलेय?" म्हणत मी उठले आणि फळीकडे गेले.

आमच्याकडे दारात शिरल्या शिरल्या एक फळी आहे, 'आम्ही सुचवतो' अशी पाटी लावलेली. ती माझी लाडकी. तिच्यावर काय ठेवायचं ते मी ठरवते. त्या दिवशी मी अर्ध्या तासात ती रिकामी केली आणि नवी भरली. निरोगी कसं जगावं, मांस सोडून काय काय खाता येतं, शंभरी गाठलेली माणसं काय खातात, कडधान्यं कशी शिजवावीत. सगळ्यात वरचं, जाडजूड, ते दादाच्या हातात दिलं.

"हे वाच. आजपासून."

दादाने वाचलं. अहो, वाचलं म्हणजे काय, फडशा पाडला! आठवड्यात दुसरं न्यायला आला, मग तिसरं. आणि वाचून गप्प बसेल तर तो दादा कसला? डेपोत भाषणं सुरू. कंडक्टरला आतड्यांविषयी, मेकॅनिकला तंतूंविषयी, कॅन्टीनवालीला लोण्याच्या दुष्परिणामांविषयी. दादाचं ऐकून त्याच्या कंडक्टरने सॉसेज सोडली आणि बघता बघता पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडून घेतली.

दादा मात्र होता तसाच. कसं काय, ते मला पुस्तकं परत आली तेव्हा कळलं. माझा धंदाच तो. पुस्तक हातात घेतलं की कोणी कुठे बसून वाचलं ते मला सांगता येतं. 'तळलेले पदार्थ आणि हृदय' या प्रकरणावर तेलाचा एवढा मोठा डाग! पान उजेडात धरलं तर पलीकडचं दिसत होतं. 'लोण्याला निरोप' या पानाला लोणी. पुस्तकाला तळलेल्या मांसाचा असा वास की वाचनालयातलं आमचं मांजर त्याच्याभोवती फेऱ्या मारायला लागलं.

मी तडक घरी गेले. वहिनी यंत्रावर बसली होती, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या.

"वहिनी, हा काय प्रकार आहे?"

तिने टाचण्या काढून उशीत खोचल्या. "मी काय करू, वन्सं?" ती चिडली की मला वन्सं म्हणते. "मी भोपळा समोर ठेवला तर म्हणतात, आज राहू दे, उद्यापासून. आणि पुस्तक वाचत वाचत कालचे चॉप्स संपवतात. वरून मला वाचून दाखवतात, मांस किती वाईट ते!"

"आणि तुला हसू येत नाही?"

"येतं की. मग रडूही येतं."

आम्ही दोघी बसलो. तेव्हा वहिनीच्याच डोक्यात ते आलं. म्हणाली, "अगं, पुस्तकात डोकं असलं की ह्यांना ताटात काय आहे ते कुठे दिसतं? मी हळूहळू बदलून टाकते सगळं. चॉप्सच्या जागी मशरूम. सॉसेजच्या जागी राजमा. तू फक्त एक कर. पुस्तकं अशी दे की मान वर होता कामा नये."

वा! ह्याला म्हणतात डोकं. मी वहिनीच्या पाठीत धपाटा घातला आणि कामाला लागले. आरोग्य राहिलं बाजूला. मी दादाला खून दिले, दरोडे दिले, समुद्रात फुटलेली जहाजं दिली. माझ्याकडे जेवढं म्हणून एका बैठकीत संपवल्याशिवाय खाली ठेववत नाही, ते सगळं दिलं. आणि युक्ती अशी लागू पडली म्हणता! दादाने मशरूम खाल्ले. मसूर खाल्ले. पालक, वांगं, चवळी, लाल भोपळा, सगळं पोटात गेलं. महिना उलटला तरी त्याला पत्ता नव्हता की घरात मांस शिजलेलंच नाही. रविवारी मी पुस्तकाच्या वरून वहिनीकडे बघायची, ती माझ्याकडे बघायची, आणि आम्ही दोघी ओठ दाबून हसायचो. दादा जहाजाच्या मागे लागलेला असायचा. वहिनी वाढत जायची, तो खात जायचा.

इथेच आमचं चुकत होतं, पण तेव्हा लक्षात आलं नाही.

एका सकाळी वहिनीचा फोन आला. "दुकान सोडून ये." माझ्या वाचनालयाला ती दुकानच म्हणते. गेले तर तिच्या हातात दादाची गणवेशाची पँट, कंबरेपाशी उसवलेली.

"हे बघ. सोडून सोडून सगळं सोडलं. आता शिवणीत कापडच उरलं नाही."

"पण तो तर पालक खातोय!"

"टोपलंभर खातायत. पावाबरोबर. संपलं की ताट पुढे करतात. पुस्तकातून डोकं वर न काढता."

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी दादाला मध्येच एकदा बोलावलं. मीही गेले सोबत, कारण दादाला एकट्याला सोडलं तर तो घरी येऊन अर्धंच सांगतो. चरबी जरा उतरली होती, ती वहिनीची कमाई. पण साखर आणखी वर, वजन आणखी वर. डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ड्रायव्हरसाहेब, काल रात्री काय जेवलात?"

दादाने तोंड उघडलं. मिटलं. छताकडे बघितलं.

"काल ना... काल तो खलाशी तराफ्यावर चढला."

"काय?"

"नाही, म्हणजे जेवलो. नक्की जेवलो."

"काय जेवलात?"

माझ्या भावाला, आपल्या हाताने उचलून आपल्याच तोंडात घातलेलं, काही म्हणजे काही आठवेना. त्याचे कान लाल झाले. डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "उरलाय महिना. बघा बाबा." बाहेर आल्यावर दादा डेपोतल्या आपल्या बसपाशी गेला, तिच्या दारावर उगीच हात फिरवला आणि चालू लागला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

त्या संध्याकाळी मी माझ्या घरी जेवायला बसले. समोर मनुष्यस्वभावावरचं एक नवंकोरं पुस्तक, फळीवर ठेवायच्या आधी चाळून बघायला आणलेलं. माणूस ठरवतो एक आणि करतो दुसरंच, असं का, ते त्यात छान मांडलं होतं. एका प्रकरणात म्हटलं होतं की ज्याचं लक्ष दुसरीकडे असतं त्याला आपलं पोट भरल्याचं कळत नाही. तो खातो ते त्याच्या हिशेबात धरलंच जात नाही. मी मनाशी म्हटलं, खरंय हो, कसली मूर्ख माणसं असतात एकेक. आणि पुढचा घास घ्यायला हात खाली नेला तर ताट रिकामं. भांडंही रिकामं. दोन दिवसांची भाजी केली होती मी!

कपाळावर हात मारला. अरे देवा! म्हणजे मी दादाला जितकं रंगतदार पुस्तक देत होते, तितका तो जास्त जेवत होता. त्याचं पोट मी वाढवलं होतं, एकेक पुस्तक पारखून, निवडून.

दुसऱ्या दिवशी वहिनीला सांगितलं तर ती आधी पोट धरधरून हसली. मग म्हणाली, "ठीक आहे. आता रटाळ पुस्तकं आण."

आणली. नळजोडणीचे नियम. सिमेंटचे प्रकार. दादाने सिमेंटही मन लावून वाचलं आणि पावाच्या चार तुकड्यांबरोबर संपवलं. खानदानी सवय, ती काय अशी जाते? शेवटी वहिनीने कंबर कसली. त्या रविवारी मी गेले तर खोलीच्या दारातच ती उभी, हात पुढे करून.

"पुस्तक."

"अगं, मी पण?"

"वन्सं, पुस्तक."

दिलं मुकाट्याने. दादाचं आधीच जप्त झालं होतं. आम्ही दोघं बसलो, समोर वहिनी बसली. टेबलावर मसूर, पालक, भाजलेला भोपळा, पाव. घड्याळ इतक्या मोठ्याने टिकटिकतं हे मला माहीतच नव्हतं. दादाचा हात सवयीने डावीकडे गेला, तिथे काही नव्हतं. मग त्याने मिठाची बरणी उचलली, वाचायला. वहिनीने सगळ्या बरण्यांची लेबलं खरवडून काढली होती! शेवटी त्याने हातरुमाल उलटा केला आणि शिवणीतली लेबलाची चिंधी शोधून मोठ्याने वाचली, "गरम पाण्यात धुऊ नये."

मला हसू फुटलं. वहिनीने हातरुमाल काढून घेतला.

दादाने एक घास घेतला. चावला. मान खाली. दुसरा घास हातातच राहिला. मग त्याने ताट पुढे सरकवलं आणि खुर्ची मागे ढकलली.

"मला नाही जमणार."

"काय नाही जमणार? भोपळा?" वहिनीचा आवाज चढला. "गाडी जाईल हातातून, कळतंय का? त्यापुढे भोपळा जड झाला?"

"भोपळ्याचं काही नाही गं. भोपळा चांगला आहे. हे. असं समोर बघत जेवणं."

वहिनीला काही कळेना. मलाही. दादा उभाच होता, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. बोलला ते माझ्याकडे बघून.

"तुला आठवत नसेल, शहाणे. तू एवढीशी होतीस. आई गेली, त्यानंतर आपण पहिल्यांदा या टेबलावर जेवायला बसलो. आईची खुर्ची समोर. तशीच. तू विचारलंस, आई कधी येणार जेवायला? बाबांना घास गिळवेना. मलाही. मग ते उठले, आतल्या कपाटातून तीन पुस्तकं आणली. एक त्यांना, एक मला. तुला वाचता येत नव्हतं, तुला चित्रांचं दिलं. म्हणाले, आपापल्या पुस्तकात बघा आणि जेवा. तेव्हा कुठे आपण जेवलो." तो थांबला. "तेव्हापासून मी जेवताना मान वर केलेली नाही. केली की ती रिकामी खुर्ची दिसेल अशी भीती वाटते. एवढा घोडा झालो तरी वाटते."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मला वाटायचं आमचे बाबा वाचनाचे शौकीन. मी चक्क रडायला लागले, पालक समोर ठेवून.

वहिनी मात्र रडली नाही. ती जागची हललीही नाही.

"अहो," ती म्हणाली, अगदी हळू, "त्या खुर्चीत मी बसते. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून मीच बसते."

दादाची मान खालीच.

"ती रिकामी नाहीये. बघा तरी एकदा."

दादाने मान वर केली. बघितलं. कितीतरी वेळ बघितलं, नव्या रस्त्यावर गाडी घालताना बघतो तसं. मग खाली बसला.

"तुझे केस कधी पांढरे झाले गं?"

"तुम्ही कुठल्यातरी पानावर होतात तेव्हा," वहिनी म्हणाली. आणि मग मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दादाने तिला तोच हातरुमाल दिला, गरम पाण्यात न धुवायचा.

त्या दिवशी आम्ही जेवण कमी केलं आणि बडबड जास्त. वहिनीने तिच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगितल्या. बाई किती रंगवून सांगते! इतकी वर्षं ती आमच्यासमोर बसून हे सगळं आतच ठेवत होती. दादा मध्येच थांबला आणि पोटावर हात ठेवून म्हणाला, "अरेच्चा, भरलं की!" ताटात अजून निम्मे मसूर होते. त्याच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य की जणू शेजारच्याचंच पोट भरलं होतं. आणि मग इतक्या दिवसांनी विचारलं, "मांस कुठे गेलं गं आपल्याकडचं?" आम्ही दोघींनी पान एकपासूनची सगळी हकीकत सांगितली. चिडला थोडा. मग म्हणाला, मशरूम पुन्हा कर.

आता मी रविवारीच कशाला, मधल्या वारीही जाते तिकडे जेवायला. वाचनालयातल्या फळीवर आरोग्याची पुस्तकं परत मांडली, आणि सगळ्यात वरच्याला चिठ्ठी लावली, 'कृपया जेवताना वाचू नये.' लोकांना वाटतं, डाग पडतात म्हणून.

महिना संपला. सकाळी आम्ही तिघं डेपोत गेलो. दादा आत, मी आणि वहिनी बाहेर बाकावर. घाईत निघालेली वहिनी गळ्यातला टेप काढायचा विसरली होती, आणि तो बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत होती. दार अर्धवट उघडं. आतून कागद चाळल्याचा आवाज आला आणि मग डॉक्टरबाईंचा.

"ड्रायव्हरसाहेब, काल रात्री काय जेवलात?"

वहिनीने माझा हात घट्ट धरला.

"मसूर," दादाचा आवाज आला. "पालक. भोपळा, एक फोड. भोपळ्यात मीठ जरा जास्त झालं होतं. तिने काल निळा झगा घातला होता, घरी शिवलेला. एका माणसाच्या कोटाचं सांगत होती. त्याला स्वतःच्या लग्नातला कोट मुलाच्या लग्नात घालायचाय, आणि बटणं काही लागत नाहीत. त्याला वाईट वाटू नये म्हणून हिने गुपचूप काखेत पट्टी घातली आणि सांगितलं, तुम्ही बारीक झालात. सांगता सांगता हसून हिला ठसका लागला. मी पाणी दिलं. तोवर मसूर गार झाले, पोटही भरलं होतं, मग उठलो."



"मी फक्त जेवण विचारलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तेच तर सांगतोय."

मग शिक्का मारल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. "साखर खाली आहे. वजनही उतरायला लागलंय. गाडी चालवा. सहा महिन्यांनी परत दाखवा, आणि हे जे काही चाललंय ते सोडू नका."

दादा बाहेर आला. टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, काय करावं ते त्याला सुचेना. मी त्याच्या दंडावर गुद्दा मारला. वहिनी उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, डोळे पुसत, कमरेवर हात ठेवून.

"भोपळ्यात मीठ जास्त झालं होतं, तर मला सांगितलं का नाहीत?"

"तू बोलत होतीस ना," दादा म्हणाला.